भरून पावलो, असं कोणी लिहून द्यायचं?



मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या न्यायविचारापाशी थांबलो होतो. वाटणीचा न्याय झाला, आता दुरुस्तीचा न्याय घ्यायचा. एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं, पारडं एका बाजूला गेलं. ते न्यायाधीशाने सरळ करायचं. ॲरिस्टॉटल स्वतः तिथे सावध आहे. मारहाण, जखम, खून यांच्याबाबतीत 'नफा' आणि 'तोटा' हे शब्द आपण बोलण्याच्या सोयीसाठी वापरतो, असं तो सांगून ठेवतो. पुढे माणसांनी कायदे केले तेव्हा हा सावधपणा कुठे राहिला, हा आजचा विषय.

त्यासाठी ग्रंथ उघडायचा नाही. वर्गात आम्ही आयुष्यभर ग्रंथच वाचले. आज एक सरकारी नियमावली वाचायची आहे, आणि ग्रंथ वाचतात तशीच, म्हणजे प्रत्येक अटीला 'तू इथे का आलीस?' असं विचारत. ही नियमावली आपल्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजनेची. आणि तिच्या शेजारी ठेवायचा जर्मनीचा १९५६ चा कायदा, नाझी छळातून वाचलेल्यांना भरपाई देणारा.

कोणी लगेच म्हणेल, सर, कुठे ऑशविट्झ आणि कुठे आपलं कुंडल! मान्य. छळाची छळाशी तुलना आम्ही करतच नाही. ती करू नये. तुलना आहे ती छळ संपल्यावरची. माणूस जिवंत राहिला, राज्य बदललं, आणि नवं राज्य म्हणालं, 'या, तुमचं आम्ही काही देणं लागतो.' मग तो माणूस एका टेबलासमोर उभा राहतो. त्या टेबलावर काय घडतं, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'भरपाई'. भरणं आणि पावणं. जुन्या दस्तांमध्ये शेवटी लिहायचे, 'रक्कम भरून पावलो'. म्हणजे भरपाई ही नुसती रक्कम नव्हे, ती फिटल्याची पावतीही आहे. घेणाऱ्याने सही केली की देणारा मोकळा. मागचं काही राहिलं नाही. सावकारी व्यवहारात हे ठीक आहे. पण ज्याचं अख्खं कुटुंब मारलं गेलं त्याने 'भरून पावलो' असं कशाच्या बदल्यात लिहून द्यायचं?

हाच प्रश्न जानेवारी १९५२ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर आला. जर्मनीशी पैशाची बोलणी करावीत की नाहीत, यावर इस्रायलच्या संसदेत चर्चा होती आणि बाहेर मेनाखेम बेगिन यांच्या सभेतून निघालेला जमाव संसदेवर दगड फेकत होता. मेलेल्यांची किंमत घेणार का, हा त्यांचा सवाल. आत मतदान झालं: ६१ विरुद्ध ५०. इतक्या थोड्या फरकाने बोलणी मंजूर झाली आणि १० सप्टेंबर १९५२ ला लक्झेंबर्गमध्ये करारावर सह्या झाल्या. पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांच्या 'क्लेम्स कॉन्फरन्स'ला ४५ कोटी मार्क द्यायचे ठरले.

त्या वेळचा शब्दांचा झगडा बघण्यासारखा आहे. जर्मन लोक ज्या शब्दाने ही गोष्ट ओळखतात तो 'वीडरगुटमाखुंग'. सरळ अर्थ, पुन्हा चांगलं करणं. इस्रायलने तो शब्द घेतलाच नाही. त्यांनी 'शिलुमिम' असा शब्द काढला. म्हणजे देणी, चुकती करायची रक्कम. त्यात क्षमा नाही, समेट नाही, 'आता सगळं ठीक' असं काही नाही. तुम्ही द्या, आम्ही घेऊ, पण पावतीवर 'भरून पावलो' असं लिहिणार नाही. आमच्या मते विसाव्या शतकातल्या नीतिविचाराला यापेक्षा नेमका शब्द फार थोड्यांनी दिला असेल, आणि तो तत्त्वज्ञांनी दिला नाही, वाटाघाटी करणाऱ्यांनी दिला.

तत्त्वज्ञ अगदीच गप्प होते असं नाही. कार्ल यास्पर्स यांनी युद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, हायडेलबर्गला अपराधाच्या प्रश्नावर व्याख्यानं दिली. त्यांनी अपराधाचे चार प्रकार केले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि चौथा, ज्याला ते पारभौतिक म्हणतात. पैकी पैशाचा संबंध फक्त राजकीय अपराधाशी. ज्या राज्याचा मी नागरिक, त्याने केलेल्या गोष्टींची देणी मला लागू. माझा हात त्यात होता की नव्हता हा वेगळा हिशेब. ही विभागणी आजच्या विषयात आपल्याला दिव्यासारखी उपयोगी पडेल, कारण तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट दिसते. जर्मनीने पैसे दिले ते देणेकरी म्हणून. आपल्याकडे सरकारने दिले ते यजमान म्हणून.

आता आपल्या नियमावलीकडे येऊ. १५ ऑगस्ट १९७२, स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. दरमहा २०० रुपये. अट अशी की वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे सुरुवातीला ती गरजूला मदत होती. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट गेली आणि नावात 'सन्मान' हा शब्द आला. हा बदल चांगलाच झाला. सन्मान गरिबी बघून करत नाहीत. पण नाव बदललं तरी टेबल बदललं का?

पात्रता वाचू. किमान सहा महिने तुरुंगवास. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. किंवा फटक्यांची शिक्षा, दहा फटके. हो, आकडा आहे. नऊ फटके खाल्लेल्याचं काय, असा प्रश्न आमच्यासारख्या रिकामटेकड्याला पडतो, पण तो सोडून देऊ. किंवा मालमत्ता जप्त झालेली. किंवा गोळीने, लाठीने आलेलं कायमचं अपंगत्व. आणि मग आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम, भूमिगतांचं. सहा महिन्यांहून जास्त काळ भूमिगत असलेला माणूस पात्र आहे. पण कधी? त्याला फरारी घोषित केलेलं असेल तर, त्याला पकडून देण्यासाठी बक्षीस लावलेलं असेल तर, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघाला आणि तो बजावता आला नाही असं असेल तर.

हे तिन्ही पर्याय पुन्हा एकदा ऐका. घोषित करणारा कोण? बक्षीस लावणारा कोण? हुकूम काढणारा कोण? तिन्ही ठिकाणी इंग्रज सरकार. थोडक्यात, तुम्ही इंग्रजांविरुद्ध लढलात याचा दाखला इंग्रजांकडून आणा.

आता ही अट आपल्या भूगोलावर ठेवून बघा. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि आजच्या सांगलीतला मोठा भाग. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. या पट्ट्यात १९४३ ते १९४६ प्रतिसरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील या काळात इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. गावोगाव न्यायनिवाडे झाले, कमी खर्चात लग्नं लागली, गावगुंडांना शिक्षा झाल्या, कुंडलच्या बाजूला तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली गेली. त्यात असलेले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना 'लूट' हा शब्द शेवटपर्यंत मान्य नव्हता. पैसा लोकांचाच होता, तो परत आणला, असं ते म्हणत.

असं सरकार चालायला काय लागतं? जे पकडले जाणार नाहीत असे लोक लागतात. नाना पाटलांवर बक्षीस होतं, ठीक. पण त्यांना भाकरी पोचवणारी बाई, रात्री वस्तीवर घेणारा वाटेकरी, निरोप घेऊन वारणेपासून येरळेपर्यंत चालत जाणारं सोळा वर्षांचं पोर, यांच्यावर कोण बक्षीस लावणार? त्यांचं काम जितकं चोख, तितकं त्यांचं नाव पोलिसांच्या कागदापासून लांब. म्हणजे या नियमावलीच्या हिशेबात भूमिगत कामात यशस्वी होणं हाच दोष ठरतो. जो सापडला तो स्वातंत्र्यसैनिक. जो कधीच सापडला नाही, त्याने पुरावा आणावा.

तुरुंग फोडणाऱ्यांची तर आणखी गंमत. वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडला; पाठलागात दोन साथी गोळ्यांनी मारले गेले. नागनाथअण्णा नायकवडी १९४४ मध्ये साताऱ्याचा तुरुंग फोडून निसटले. या दोघांना कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती हे उघड आहे. पण तत्त्व म्हणून बघा. तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये दिवस मोजायचे, तर जो तट चढून पळाला त्याचे दिवस कमी भरणार, आणि जो मुकाट बसला त्याचे पूर्ण. ही आम्ही केलेली अतिशयोक्ती नाही, ही त्या मोजपट्टीची स्वतःची चाल आहे.

आणि कागदांचं काय झालं? बेचाळीसच्या चळवळीत गावोगावच्या चावड्यांमधली दप्तरं जाळली गेली. तो कार्यक्रमच होता, सरकारचा कागद जाळायचा म्हणजे सरकारचा गावावरचा हात सुटतो. ज्या लोकांनी दप्तर जाळलं, त्यांच्याकडेच तीस वर्षांनी दप्तरातला उतारा मागितला गेला! नियमावलीत यावर उपाय आहे, नाही असं नाही. अभिलेख उपलब्ध नसल्याचा राज्य सरकारचा दाखला आणायचा आणि त्याच्या जोडीला, स्वतः प्रदीर्घ तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र. म्हणजे कागद नसल्याचा कागद, आणि शेवटी पुन्हा तुरुंगच साक्षीला. गावाची साक्ष कुठेच नाही. ज्या गावाने तीन वर्षं तोंड उघडलं नाही म्हणून प्रतिसरकार टिकलं, त्या गावाने आता तोंड उघडलं तर ते प्रमाण नाही.

हौसाताई पाटील हे उदाहरण घ्या. नाना पाटलांची कन्या; २०२१ साली त्या गेल्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि एका साथीदाराने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं होतं. त्याने त्यांना खरोखर मारलं. पोलीस सोडवायला धावले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारं नेली. त्या दिवशी ठाण्यात काही लिहिलं गेलंच असेल, तर ते काय असेल? घरगुती भांडण. ज्याला आपण शत्रूचं रजिस्टर म्हणतो ते असं लिहिलेलं असतं. पी. साईनाथ यांनी 'द लास्ट हीरोज' या २०२२ च्या पुस्तकात सरकारी व्याख्येतून सुटलेल्या अशा माणसांची बाजू मांडली आहे आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मात्र त्यांचा भर व्याख्या अपुरी आहे यावर आहे. आमचं म्हणणं थोडं पुढचं आहे. व्याख्या रुंद केली तरी मोजपट्टी तीच राहिली तर उपयोग नाही.

आता दुसरी बाजू. ती ऐकलीच पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान न राहता गाऱ्हाणं होईल. पुरावा सैल केला की काय होतं हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावाने बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण निघालं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००५ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडे चौकशी सोपवली. मुक्तिसंग्रामाच्या वेळी पाळण्यात असलेल्या वयाची माणसं सैनिक म्हणून निघाली तर खऱ्या सैनिकाचाच अपमान होतो. टेबलापलीकडचा कारकून दुष्ट असतो असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याला भीती असते, आणि ती रास्त असते.

पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने यापूर्वी दोनदा वेगळंही सांगितलं आहे. १९९३ मध्ये म्हटलं, अर्ज उशिरा आला म्हणून सैनिकाला परत पाठवू नका. २००१ मध्ये म्हटलं, फौजदारी खटल्यात लागतो तसा पुरावा इथे मागू नका, घटना घडली असण्याची शक्यता जास्त दिसते का तेवढं पाहा. म्हणजे खोटा अर्ज गाळणं आणि खऱ्याला आरोपीसारखं न वागवणं, ही दोन्ही कामं एकदम करायची आहेत. अवघड आहे. अशक्य नाही.

जर्मनीला तरी ते जमलं का? आपल्याकडे जर्मनीचं उदाहरण फार भाबडेपणाने दिलं जातं, 'बघा, त्यांनी कशी माफी मागितली.' आम्ही त्या १९५६ च्या कायद्यातली दोन-तीन टेबलं दाखवतो. कोठडीच्या किंवा छावणीच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला १५० मार्क, म्हणजे दिवसाला पाच. इथेही मोजणी. शरीराचं, मनाचं नुकसान मागायचं असेल तर कमाईची क्षमता किमान २५ टक्के घटल्याचं दाखवायचं, आणि ते जर्मन दूतावासांनी नेमलेल्या डॉक्टरांपुढे. डॉक्टर विचारणार, ही निद्रानाशाची तक्रार छावणीमुळेच कशावरून? मूळचाच स्वभाव कशावरून नसेल? कुर्ट आइसलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९६३ मध्ये चिडून एक निबंध लिहिला. किती मुलं मारली गेल्यावरही माणूस लक्षणांशिवाय राहिला म्हणजे तो धडधाकट समजायचा, असा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेलं आमच्या वाचनात नाही.

दुसरं टेबल घेट्टोतल्या कामाचं. २००२ मध्ये जर्मनीने कायदा केला, ज्यांनी घेट्टोत काम केलं त्यांना त्या कामाचं निवृत्तिवेतन द्यायचं. चांगली गोष्ट. पण हा कायदा पेन्शनचा. पेन्शन कोणाला, तर ज्याने आपल्या इच्छेने आणि मोबदला घेऊन काम केलं त्याला. आता हीच माणसं १९५०-६० च्या दशकात पहिल्या कायद्याखाली लिहून देऊन बसली होती की आमच्याकडून सक्तीने काम करवून घेतलं. पहिल्या टेबलावर सक्ती सिद्ध करायची, दुसऱ्यावर इच्छा! कागद जुळेनात म्हणून सुरुवातीला दहातले नऊहून अधिक अर्ज फेटाळले गेले. मग यान-रोबर्ट फॉन रेनेसं नावाच्या एका न्यायाधीशाने साधी गोष्ट केली. त्याने इतिहासकारांचे अहवाल मागवले, इस्रायलला गेला आणि म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून ऐकलं. घेट्टोत काम 'मिळवणं' म्हणजे काय, भाकरीचा तुकडा हा मोबदला कसा, हे कागदात नव्हतं, त्यांच्या बोलण्यात होतं. २००९ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने निकषच बदलले. तोपर्यंत किती जण वाचले होते, हे विचारू नये.

आता तिसरं टेबल, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा खरा गाभा इथे आहे. पुरावा देणं ही नंतरची पायरी. त्याआधीची पायरी ही की तुम्ही छळले गेलात, असं मानायला तरी कोणी तयार आहे का.

जर्मनीत ज्यूंबरोबर सिंती आणि रोमा लोकही मारले गेले, ज्यांना तिथे 'जिप्सी' म्हणून हिणवत. हे लोक भरपाई मागायला गेले. ७ जानेवारी १९५६ ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने निकाल दिला की १९४३ च्या आधी या लोकांवर झालेली कारवाई वांशिक छळ नव्हती; ते गुन्हेगारीला आळा घालण्याचे सुरक्षेचे उपाय होते. चोरीकडे ओढा हा त्यांच्या स्वभावाचाच भाग, अशी भाषा त्या निकालात आहे. नाझी गेले होते, पण पोलिसांची फाईल तीच होती आणि न्यायाधीश ती प्रमाण मानून वाचत होते. १९६३ मध्ये त्या न्यायालयाने आपली भूमिका सोडली. २०१५ मध्ये न्यायालयाच्या अध्यक्षांनी त्या निकालाची लाज वाटते असं जाहीरपणे सांगितलं.

हे ऐकताना तुम्हाला आपलं काही आठवतं का? आठवायला हवं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, चावडीवरची हजेरी. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ ची 'फकिरा' आपण सगळ्यांनी वाचली आहे. वारणेच्या खोऱ्यात मांगांच्या माथी आलेली हजेरी काय होती हे तिथे आहे. रोज संध्याकाळी जाऊन 'मी पळालो नाही' असं सांगायचं. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर दहाच दिवसांनी, १० सप्टेंबरला, लक्झेंबर्गमध्ये जर्मनीने सह्या केल्या. इकडे लोकांना 'विमुक्त' म्हटलं, म्हणजे सोडून दिलं. भरपाईचा शब्दसुद्धा कोणी काढला नाही. उलट सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर होती तिथेच राहिली. आयोग नेमले गेले, कल्याणाच्या योजना निघाल्या. पण कल्याण ही दया झाली. आम्ही तुमचं नुकसान केलं, हे वाक्य भारतीय राज्याने या माणसांना उद्देशून अजून उच्चारलेलं नाही.

यावर एक आक्षेप येतो. कायदा इंग्रजांचा, मग आपलं राज्य का बोलेल? उत्तर यास्पर्सकडे आहे. १९४७ ते १९५२ हा कायदा आपलाच होता. पाच वर्षांची का असेना, ती राजकीय जबाबदारी आपल्या नावावर आहे. आणि पाच वर्षं हजेरी देणाऱ्याला ती पाच वर्षंच असतात.

आणखी एक जखम याच मातीतली आहे, ती आम्ही गाळणार नाही. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये तो काळ आहे. सरकारने त्या जळितग्रस्तांना कर्ज दिलं. शब्द पाहा, कर्ज. ज्याचं घर जळालं तोच देणेकरी! ज्या सातारा जिल्ह्याने प्रतिसरकारचा न्याय उभा केला त्याच जिल्ह्यात हे झालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी झाकायची गरज आम्हाला वाटत नाही.

आणीबाणीचं उदाहरण तर ताजं आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना दरमहा रक्कम सुरू केली. महिन्याहून जास्त तुरुंगवासाला १०,०००, कमीला ५,०००. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ती बंद केली. २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा चालू केली. खरं म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या उदाहरणांत हे जर्मनीच्या सर्वांत जवळचं. ज्या राज्याने कोंडलं, तेच राज्य देत होतं. त्याने 'आमचं चुकलं, हे आमचं देणं' असं म्हटलं असतं, तर पुढचं कुठलंही सरकार ते बंद करू शकलं नसतं, कारण देणं सरकार बदलल्याने बुडत नाही. पण त्याने म्हटलं 'सन्मान'. आणि सन्मान करणारा बदलला की सत्कारमूर्ती बदलतात. जर्मनीत १९५२ पासून किती चान्सलर आले आणि गेले. क्लेम्स कॉन्फरन्सबरोबरची वाटाघाट अजून चालू आहे. देणं आणि सन्मान यांतला फरक आम्ही याहून सोप्या भाषेत सांगू शकत नाही.

मग इंग्रजांचं काय? त्यांनी आपल्याला काही दिलं नाही आणि आपण मागितलंही नाही. केनियाच्या माऊ माऊ चळवळीतल्या म्हाताऱ्यांनी मागितलं. लंडनच्या न्यायालयात दावा लावला. त्या दाव्यामुळे २०११ मध्ये उघड झालं की वसाहतींमधून परत नेलेल्या हजारो फायली हॅन्सलोप पार्क नावाच्या ठिकाणी लपवून ठेवल्या होत्या. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले आणि खेद व्यक्त केला. छळ करणाऱ्याचं रजिस्टर इथे छळलेल्यांच्या कामी आलं, कारण ते मागण्याची ताकद त्यांच्याकडे होती. आणि ज्यांना छळणारा काही देतच नाही, त्यांचं? आपल्या शेजारी, कोल्हापूरजवळ वळिवड्याला, १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. त्यांना हिटलरने नव्हे, स्टालिनने घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं. जर्मन कायद्यात ते बसत नव्हते, सोव्हिएत राज्याने काही दिलं नाही. शेवटी २०२० मध्ये पोलंडनेच कायदा केला, हद्दपारीच्या प्रत्येक महिन्याला २०० झ्लोटी. पुन्हा महिने मोजणं आलं. पण निदान नाव 'सन्मान' नाही.

प्रतिसरकारातले बहुतेक सगळे आता गेले. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. तेव्हा पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न फार उरलेला नाही, आणि वारसांना पेन्शन वाटत बसावं असं आमचं मत मुळीच नाही. पण नोंदीचा प्रश्न उरलेला आहे. त्या न्यायाधीशाने केलं ते दोन्ही जिल्ह्यांत अजून करता येईल. ज्यांनी लहानपणी आईला रात्री भाकरी बांधून देताना पाहिलं ती माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्यापुढे अर्ज ठेवायचा नाही, सहा महिने आणि दहा फटके विचारायचे नाहीत. गावात जाऊन बसायचं, विचारायचं, आणि दोघा-तिघांचं बोलणं एकमेकांशी ताडून लिहायचं. बीडसारखी लबाडी तिथे शिरत नाही, कारण टेबलावर पैसाच नाही. हे काम कॉलेजांच्या इतिहास विभागांनी घ्यावं. आमच्या तत्त्वज्ञान विभागांनीही घ्यावं. नाहीतरी विद्यार्थी कमी आहेत, वेळ बराच आहे.

आणि हजेरीची रजिस्टरं. पुराभिलेखात, पोलीस ठाण्यांच्या जुन्या कपाटांत, जिथे ती उरली असतील तिथली बाहेर काढावीत आणि त्या लोकांच्या नातवंडांना बघायला मिळावीत. त्यात आजोबांचं नाव गुन्हेगार म्हणून असेल. असू दे. त्या नावाशेजारी आता काय लिहायचं, हे त्या नातवंडांनी ठरवायचं आहे, आपण नाही.

वेळ संपत आला. प्रश्न असतील तर घेऊ. पहिला हात तिकडून वर आलेला दिसतो.